वहीत नसलेला रकाना

सप्रेम नमस्कार.

आपले तीन पानी पत्र आणि सोबत पाठवलेली सरावाच्या वहीची छायाचित्रे मी नीट पाहिली. दहावीतील आपली मुलगी 800 मीटर धावते. तिला विज्ञान शाखेला घालावे की शाळा सोडवून पूर्णवेळ सरावाला लावावे, आणि खेळाडू कोट्यातून नोकरी कधी मिळेल, असे आपण विचारता. त्याकडे मी नंतर वळेन, कारण दुसऱ्या पानावर कंसात लिहिलेल्या एका ओळीपाशी मी थांबले: ‘पाच महिन्यांपासून पाळी आलेली नाही, पण प्रशिक्षक म्हणतात की सराव चांगला चालल्याची ती खूण आहे.’

हे साफ चुकीचे आहे, आणि दुर्दैवाने धावपटू मुलींच्या अनेक घरांत ते खरे मानले जाते. सरावात खर्च होणारी ऊर्जा जेवणातून भरून निघत नाही तेव्हा शरीर काटकसर करू लागते. पाळी थांबते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि हाडे भरण्याच्या वयातच ती कमकुवत होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’, म्हणजे खेळाडूच्या शरीराला पडणारी ऊर्जेची तूट, असे नाव दिले. ‘नडगी दुखते म्हणते, आम्ही बाम लावतो,’ असेही आपण लिहिले आहे. हाडावर एकाच जागी बोट दाबले की कळ येत असेल, तर तेथे बारीक तडा गेलेला असू शकतो, आणि तो सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ अशा दोघांची भेट याच आठवड्यात घ्या. तोवर धावणे पूर्ण बंद.

आपल्याच वहीत पाहा. जूनमध्ये वजन 47 किलो आणि वेळ 2 मिनिटे 24 सेकंद, ऑक्टोबरमध्ये 44 किलो आणि 2:19, डिसेंबरमध्ये 41 किलो आणि 2:23. या शेवटच्या आकड्यापुढे आपण लाल शाईने ‘आळस’ असा शेरा मारला आहे. आपल्या सांगण्यावरून रात्रीची भाकरी सोडलेली आणि रोज पहाटे वडिलांसमोर वजनकाट्यावर उभी राहणारी मुलगी आळशी कशी ठरते, हे मला समजलेले नाही.

माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांचे उदाहरण आपण दिले आहे, तर ते संपूर्ण घ्या. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या तेव्हा त्यांचे वय 27 होते. आपली मुलगी 16 वर्षांची आहे. एवढी घाई नेमकी कोणाला आहे?

राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील 5 टक्के खेळाडू आरक्षण आणि रेल्वेची क्रीडा भरती हे मार्ग आहेतच, परंतु तेथे पदकासोबत पदाची शैक्षणिक पात्रताही लागते, म्हणून शाळा मुळीच सोडवू नका. शाखा तिची तिला निवडू द्या.

डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. वेळ, वजन, फेऱ्या असे सगळे रकाने तिच्यात आहेत. पाळीच्या तारखांचा नाही. तो मुलीने आईजवळ बसून भरावा, आणि वजनाचा रकाना आपण आजपासून कोरा सोडावा.