सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, तर ओमानमधल्या दऱ्या आणि डोंगरातली गावं गाईडशिवाय जमतील का?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत आठ दिवस ओमानला चाललाय, चौघं आहात, साठेक किल्ले झालेत, सांधण दरी झालीय, नळीच्या वाटेने, म्हणजे अवघड घळीतून, हरिश्चंद्रगड झालाय, तर तिकडे गाईड कशाला लागेल आणि ४ बाय ४ गाडी घ्यायलाच हवी का. मी इथे फारसं लिहीत नाही, पण "नळीच्या वाटेने केलाय" हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून मस्कत एअरपोर्ट ते माझं घर एवढ्या अंतरात चार वेळा ऐकलंय.

मी नऊ वर्षं मस्कतला होतो, रुवीत राहायचो. शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी गाडी निझवाकडे वळायचीच. मूळचा साक्रीचा, डोंगर बघितला की पाय शिवशिवतात.

आधी सोपं सांगतो. जबल शम्स या डोंगराच्या कड्यावरचा बाल्कनी वॉक गाईडशिवाय खुशाल करा. अल खितैम नावाच्या वस्तीपासून सुरू होतो, दगडांवर पिवळा-पांढरा-लाल असे पट्टे रंगवलेत, चुकायची सोय नाही. साडेतीन-चार किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, चढउतार किरकोळ. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला जवळपास हजार मीटर खाली दरी, कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघतो ना, तसं इथे चालता चालता दिसतं. टोकाला अस सब नावाचं सोडून दिलेलं गाव आहे, कपारीखाली दगडाची घरं, पायऱ्या पायऱ्यांची शेतं. पाणी होतं म्हणून माणसं तिथे राहिली, बाकी कारण दिसत नाही. सुरुवातीला पोरं-बाया लोकरीच्या किचेन विकतात, दोन घ्या, घासाघीस करू नका. शिखरावर जायचं असेल तर दक्षिण शिखर करा, ते तीन हजार मीटरला थोडंसंच कमी आहे, उत्तरेकडचं सर्वात उंच टोक लष्कराच्या ताब्यात आहे.

मिस्फात अल अब्रियीनलाही कोणी नको. मातीची घरं, खजुराच्या बागा आणि मधून वाहणारा फलज, म्हणजे डोंगरातलं पाणी उताराने गावात आणणारा पाट. पाणी वेळेवर वाटून घेतात, अमक्याचा अर्धा तास, तमक्याचा एक तास, आणि तो वेळ विकतातसुद्धा. आमच्या पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या शेतीत, पाण्याची पाळी असते ना, अगदी तेच, मला तर तिथे पाटकरी म्हातारा बघून आजोबा आठवले. असे पाच फलज २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत, त्यातला एक, अल खतमैन, बिरकत अल मौजला रस्त्याच्या कडेलाच बघता येतो. गावात हाफ पँट घालून हिंडू नका, लोक बोलत नाहीत पण त्यांना आवडत नाही.

आता मुद्द्याचं. वादी म्हणजे आपली वाडी नाही, कोरडी नदी. आणि ओमानमध्ये माणसं कड्यावरून पडून मरतात त्यापेक्षा जास्त वादीत वाहून मरतात ही भीती तिथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असते. तिथला हजर नावाचा डोंगर बोडका आहे, ना माती ना झाडं, पडलेलं पाणी फारसं मुरत नाही, सरळ घळीत उतरतं. वीस किलोमीटरवर पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतानाच लोंढा येतो.

२०१७ च्या मार्चमध्ये साडू आले, बरोबर त्यांचे दोन ट्रेकवाले मित्र. मी आणि ऑफिसमधला एक मल्याळी धरून पाच जण, दोन गाड्या, दोन्ही माझ्या नावावर घेतलेल्या. ठरलेलं की स्नेक कॅन्यन करायची, वादी बनी औफमधली. ती सांधणसारखीच अरुंद, पण पाण्याने भरलेली, उड्या मारत आणि पोहत जायचं, आणि एकदा पहिली उडी मारली की मागे फिरता येत नाही हे लक्षात ठेवा. पहाटे निघालो, अल हमरावरून शरफ अल अलमैनला वर गेलो, तिथून डांबर संपतं आणि पलीकडे उतार सुरू होतो, तो असा की साडू पहिल्यांदाच दहा मिनिटं गप्प बसले. खाली बिलाद सैत, डोंगरांच्या वाटीत ठेवल्यासारखं गाव. बघायला थांबलो तर एका आजोबांनी हाताला धरून बसवलं, खजूर आणि काहवा, म्हणजे तिकडची कॉफी. (कप हलवल्याशिवाय ते ओततच राहतात, साडूंनी सात कप प्यायले, कोणी सांगितलं नाही, मी तर नाहीच.) आजोबांना तोडकंमोडकं हिंदी येत होतं. तिथल्या जुन्या माणसांना येतं, १९७० पर्यंत तिकडे रुपयाही चालायचा, आजही सुट्ट्या पैशाला बैसा म्हणतात.

आम्ही कुठे चाललो हे कळल्यावर आजोबांनी मागच्या कड्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "ऊपर बारिश. वादी नहीं." वर काही दिसत नव्हतं. लख्ख ऊन. साडूंनी मोबाईल काढला, अॅपवर पावसाची शक्यता शून्य टक्के, आणि म्हणाले म्हाताऱ्याला काय कळतंय. मी म्हटलं नाही जायचं. मग जे झालं ते बिलाद सैतच्या खजुरांनी ऐकलं. तू इथे एसीत राहून मऊ झालायस, आम्ही जुलैत नळीच्या वाटेने, वगैरे वगैरे. शेवटी मी दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या खिशात घातल्या आणि आंब्याच्या झाडाखाली बसलो.

साडेदहा ते दोन बसलो. एक थेंब आला नाही.

तेवढं कमी होतं म्हणून दोनच्या सुमाराला मी एकटाच गाडी घेऊन खाली वादीकडे बघायला गेलो आणि मागोमाग दुसऱ्या गाडीत, मी मल्याळ्याकडे ठेवलेली किल्ली त्याच्याकडून काढून, साडूही आले. तर कॅन्यनच्या तोंडातून सहा गोरे ओलेचिंब, हसत हसत बाहेर पडताहेत. साडू माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्या ओमानी गाईडला विचारलं, तू आत कसा गेलास, वर पाऊस होता ना. तो म्हणाला, होता, पण पलीकडच्या उताराला. तो पाऊस घुल गावाकडे जातो, इकडे येत नाही. वरच्या हात नावाच्या गावात त्याच्या चुलतभावाचं घर, आत उतरायच्या आधी त्याला फोन करून विचारलं होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वाट दाखवायला गाईड लागत नाही, वाट तुम्हाला सापडेल, घळीतून दुसरी वाट असते कुठे. गाईडच्या ओळखीचा माणूस वरच्या गावात असतो, त्याचे पैसे आपण देतो. हरिश्चंद्रगडावर ढग दिसले तर कुठल्या नाळेला पाणी येणार हे तुम्हाला कळतं, कारण तो डोंगर तुमचा आहे. तिकडे साठ किल्ले केलेला माणूस आणि पहिल्यांदा बूट घातलेला माणूस यांना सारखंच कळतं, म्हणजे काहीच नाही. म्हणून पाण्याची वादी असेल तर गाईड घ्या, कोरडी कड्यावरची वाट असेल तर नका घेऊ. वादी शाबला चालेल नाही घेतला तरी, तिथे होडीने पलीकडे जायचं, पाऊणेक तास चालायचं, मग डोह, बरीच माणसं असतात. पण तिथेही आभाळ आलं असेल तर काठावरून फोटो काढा आणि या.

साडूंचं म्हणणं अर्थात वेगळं आहे. गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत गाडीच्या किल्ल्यांची गोष्ट होते, त्यात आता मी आंब्याला मिठी मारून बसलेला असतो. त्यांचा मुद्दा सरळ आहे, पाणी आलं नाही म्हणजे तू चुकलास. माझं म्हणणं, आम्हाला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तेच बरोबर होतं, चुलतभाऊ आमच्याकडे नव्हता, आजोबा होते, मग आजोबांचं ऐकायचं. हे त्यांना पटत नाही आणि मेहुणी म्हणते दोघंही गप्प बसा. एप्रिल २०२४ मध्ये ओमानात पूर आला, शाळेतून घरी जाणारी मुलं गाडीसकट वाहून गेली, तेव्हा साडूंनी मला तो व्हिडिओ पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मीही काही लिहिलं नाही. पुढच्या लग्नात गोष्ट परत झाली.

हां, मी परत येऊन काही वर्षं झालीत, त्यामुळे रस्ते आणि नियम एकदा ताजे बघून घ्या. फेब्रुवारीत वर रात्री चांगलीच थंडी असते, तंबू टाकणार असाल तर जाड जॅकेट न्या. हिवाळ्यातही पाऊस होतो, "वाळवंट आहे, पाऊस कसला" असं समजू नका. आणि भरल्या वादीतून गाडी घालणं तिकडे गुन्हा आहे, पुढची गाडी गेली म्हणून आपली घालायची नाही.

गाडीचं राहिलंच. ४ बाय ४ घ्या. वादी शाब, निझवा साध्या गाडीत होतं, पण वादी बनी औफच्या उताराला लो गिअर लागतो, आणि इन्शुरन्समध्ये कच्चा रस्ता धरलाय का ते सही करायच्या आधी वाचा. जबल अख्दर डोंगरावर जाताना तर बिरकत अल मौजच्या पोलीस चौकीवर थांबवून गाडी बघतात, ४ बाय ४ नसेल तर वर सोडत नाहीत. साडूंना विचाराल तर ते म्हणतील सेदान पुरते, ड्रायव्हिंग यायला पाहिजे. दुसऱ्या वेळी आले तेव्हा मला न सांगता भाड्याची सेदान घेऊन गेले होते. चौकीवरून परत पाठवलं, मग खाली फलजच्या काठावर बसून डबा खाल्ला आणि घरी आले. हे पंगतीत सांगत नाहीत.