रेंज फुल, कोपऱ्यात ५जी, तरी रात्री व्हिडिओ का अडकतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सगळ्या दांड्या भरलेल्या असतात, वर ५जी लिहून येतं, आणि रात्रीचे आठ वाजले की व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. मग २जी, ३जी, ४जी, ५जी करत मोबाईल इंटरनेटची एवढी वाढ झाली म्हणतात, ती गेली कुठे?

मी टॉवरवरचा माणूस. २००६ पासून सातारा जिल्ह्यात एका ठेकेदाराकडे साईटी सांभाळतो. त्यामुळे उत्तर टॉवरच्या बुडाशी उभं राहून देतो.

आधी दांड्यांचं बघू. टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठ्यानं ऐकू येतोय, एवढंच त्या सांगतात. टॉवरकडे तुम्हाला द्यायला काय शिल्लक आहे ते त्यात नसतं. तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचतोय का, तेही नसतं. वरचा रेडिओ २० किंवा ४० वॅटनं बोलतो, हल्लीचे त्याहून जास्त. तुमचा फोन बोलतो ०.२ वॅटनं. जत्रेत कर्ण्यावरचा पुकारा आपल्याला लख्ख ऐकू येतो, पण आपण गर्दीतून कितीही ओरडलो तरी कर्णेवाल्याला पत्ता लागत नाही, तसं आहे हे. गावाच्या टोकाला रेंज दिसते पण फोटो जात नाही, तो याच कारणानं.

आणि ती ५जीची खूण. बऱ्याच ठिकाणी ५जी अजून ४जीच्या खांद्यावर हात ठेवून चालतं. ४जीचा टॉवर नुसता सांगतो की इथं ५जी आहे, आणि फोन खूण दाखवून मोकळा होतो. डेटा त्या क्षणी ४जीवरून येत असला तरी. तेव्हा त्या खुणेवर फार विसंबू नका.

आता वाढ कुठे गेली ते.

माझी पहिली साईट पाटण तालुक्यात एका डोंगरावर होती. ४० मीटरचा टॉवर, खाली शेल्टर, बॅटरी बँक आणि एक डीजी, म्हणजे डिझेलचा जनरेटर. तेव्हा भारनियमन इतकं की नोकरीची पहिली काही वर्षं डिझेलचे कॅन डोंगरावर चढवण्यातच गेली. या साईटला मागच्या एक्स्चेंजशी जोडणारी लाईन होती एक ई-वन. ई-वन म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट, काटेकोर सांगायचं तर २.०४८. खालच्या सात-आठ गावांचे सगळे कॉल, सगळे एसएमएस आणि कोणी हौशी पोरगा जीपीआरएसवर, म्हणजे २जीच्या मुंगीच्या चालीच्या इंटरनेटवर, क्रिकेटचा स्कोअर बघत असेल तर तोही, सगळं त्या एका ई-वनमधून जायचं. आणि पुरायचं! कारण २जीमधला बोलण्याचा आवाज सेकंदाला १३ किलोबिटमध्ये दाबून बसवलेला असतो.

आता सरकारी व्याख्या बघा. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असं ठरलं. २०१३ साली ते ५१२ झालं. जानेवारी २०२३ पासून ते २ मेगाबिट आहे. म्हणजे सात-आठ गावं मिळून ज्या लाईनवर बोलत होती, तेवढी आज एकट्या माणसाला मिळाली नाही तर तिला ब्रॉडबँड म्हणता येत नाही. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्या जुन्या साईटच्या शेल्टरमध्येच बसलो होतो. ई-वनचा जुना पॅनल अजून भिंतीवर आहे, धूळ खात.

वाढ आहे ती इथे. पण ती सरळ रेषेत झाली नाही. एका ठिकाणची कोंडी सोडवली की ती दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसायची, आणि तुमचा रात्रीचा व्हिडिओ आजच्या कोंडीत सापडलाय.

३जीचं उदाहरण घ्या. ३जीच्या लहरींचा २०१० चा लिलाव ३४ दिवस चालला, १८३ फेऱ्या झाल्या आणि सरकारच्या तिजोरीत ६७ हजार कोटींच्या वर पैसे आले. एवढं मोजून एका सर्कलमध्ये, म्हणजे साधारण एका राज्याएवढ्या भागात, जिंकणाऱ्या कंपनीच्या पदरात काय पडलं, तर लहरींचा जायला ५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा आणि यायला ५. आमच्याकडे नवे रेडिओ आले. हवेतून २१ मेगाबिटपर्यंत द्यायची त्यांची तयारी. मागे लाईन कोणती? तीच. फार तर एकाऐवजी चार ई-वनची मोळी बांधून ८ मेगाबिट. म्हणजे दारात हायवे आणि हायवेला जोडणारी बैलगाडीची वाट. लोक ३जीला शिव्या घालायचे आणि आम्ही वर चढून अँटेना फिरवायचो, कारण साहेब लोकांना काहीतरी केल्याचं दाखवायचं असायचं. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे ३जी हवेत फसलं नाही, जमिनीवर फसलं. सगळा पैसा लहरी विकत घेण्यात गेला, खड्डे खणायला उरला नाही.

त्याच काळात यूएसबीचे डोंगल आले होते, आठवतात? खिडकीच्या गजाला लांब वायर बांधून डोंगल बाहेर टांगलेलं, वर पावसाची पिशवी. माझ्या मेव्हण्यानं तर ते स्टीलच्या गाळणीत ठेवलं होतं, अँटेना म्हणून. दोन टक्के फरक पडायचा आणि तो दहा जणांना सांगायचा.

४जी देशात पहिल्यांदा एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं, त्याच वर्षी पुण्यातही आलं, पण ते डोंगलपुरतं आणि थोड्यांपुरतं. खरा दणका बसला ५ सप्टेंबर २०१६ ला. जिओनं नेटवर्क उघडलं आणि आधी डिसेंबरपर्यंत, मग मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट वाटला. फुकट हे सगळ्यांना आठवतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला आठवतं ते वेगळं. त्या नेटवर्कमध्ये २जी नव्हतंच. बोलणंसुद्धा डेटा म्हणूनच जायचं, आणि लाईन टाकतानाच ती डेटासाठी टाकलेली होती. बाकीच्या कंपन्यांना मग आपापली ई-वनची मोळी सोडून फायबर ओढणं भाग पडलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत मी रस्त्याकडेला बसून जेवढं स्प्लायसिंग पाहिलं तेवढं आधीच्या दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. केसाएवढ्या काचेच्या तारेची दोन टोकं जुळवायची आणि ठिणगीनं वितळवून एक करायची, नाजूक काम. आणि मग तीच तार कुठल्या तरी रस्तारुंदीकरणात जेसीबीच्या एका फटक्यात तोडायची, हेही आलंच. बिनतारी इंटरनेटची अर्धी दुखणी तारेची असतात.

सरकारी आकडे सांगतात की २०१४ साली एक जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांना पडायचा आणि एक माणूस महिन्याला ६२ एमबीच्या आसपास वापरायचा. आता जीबी १० रुपयांच्या आसपास आहे आणि माणशी वापर महिन्याला २० जीबीच्या घरात. वापर तीनशे पटीनं वाढलाय. एवढं ओझं जर कुठे पाण्याच्या टाकीवर पडलं असतं तर टाकी कधीच फुटली असती.

आता तुमच्या रात्रीच्या आठकडे येतो.

४जीचा एक पट्टा २० मेगाहर्ट्झचा असेल तर तो १०० सीटांची वडाप, म्हणजे शेअर गाडी, समजा. ही गाडी दर मिलिसेकंदाला सुटते. सेकंदाला हजार खेपा. प्रत्येक खेपेला टॉवर ठरवतो की कोणाच्या किती सीट. पहाटे गाडीत तुम्ही एकटे असाल तर शंभरच्या शंभर तुमच्या. रात्री आठला त्याच सीटांवर अख्खी आळी बसलेली असते आणि प्रत्येक जण मालिका बघतोय. इथवर कोणीही सांगेल. पुढची गोष्ट लोकांना माहीत नसते. सीटवर किती माल मावेल ते सिग्नल किती स्वच्छ आहे त्यावर ठरतं. टॉवरजवळ, मोकळ्यात बसलेल्याला सीटच्या एका खणात आठ बिट पाठवता येतात. ओढ्यापलीकडे पत्र्याच्या घरात बसलेल्याला दोनच, आणि तेही पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. म्हणजे तोच व्हिडिओ बघायला त्याला चौपट सीट लागतात. त्याचं सामान मोठं म्हणून तुम्हाला उभं राहावं लागतं, तुमच्या दांड्या पूर्ण असल्या तरी. त्याची काही चूक नाही, त्याच्याजवळ टॉवर उभा राहिलेला नाही एवढंच.

महाबळेश्वरला हे उघड दिसतं. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या साईटी शनिवारी संध्याकाळी अक्षरशः धापा टाकतात, आणि मंगळवारी दुपारी त्याच साईटीवर मस्त स्पीड मिळतो. टॉवर तोच, लाईन तीच.

५जी या गर्दीवरचाच उपाय आहे. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका कंपनीला सलग १०० मेगाहर्ट्झपर्यंत मिळतात, ४जीच्या पाचपट रुंद. गाडी अर्ध्या मिलिसेकंदाला सुटते. नवा अँटेना सगळीकडे सारखा कर्णा वाजवत नाही, ज्याला द्यायचं त्याच्या दिशेनं बीम वळवतो. तो वर चढवताना आमच्या रिगर, म्हणजे टॉवरवर चढणाऱ्या, पोरांची कंबर मोडते, ते वेगळं. पण या लहरी भिंतीला घाबरतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर जाड भिंतीतून बऱ्यापैकी आत येते आणि डोंगराच्या कडेवरून थोडी वाकतेही. ३.५ गिगाहर्ट्झची दगडी वाड्याच्या भिंतीपाशीच दम तोडते. पत्र्याला तर दोन्ही शरण. त्याच्या वरचा २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही २०२२ च्या लिलावात विकला गेला, पण ती लहर झाडाच्या पानांनीसुद्धा अडते. गंमत म्हणजे याहूनही बारीक, ५ मिलिमीटरच्या लहरींवर जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कोलकात्यात प्रयोग करत होते. आम्ही आत्ता कुठे तिथे पोचतोय.

डोंगराळ भागात असाल तर आणखी एक गोष्ट. माझ्याकडच्या वरच्या बहुतेक साईटींना अजून फायबर नाही. एका टॉवरवरून दुसऱ्यावर मायक्रोवेव्हची गोल डिश बघते, ते ‘हॉप’ करत करत खाली येतं. २३ गिगाहर्ट्झची लहर १३ मिलिमीटरची, आणि जुलैतला टपोरा थेंब काही मिलिमीटरचा. मुसळधार लागली की थेंब ती लहर गिळतात, लिंक आपोआप हळू चालायला लागते आणि अख्ख्या टॉवरचा वेग निम्म्यावर येतो. दांड्या तशाच राहतात, कारण टॉवर तुमच्याशी बोलतोयच, त्याला मागून कोणी काही देत नाही. लोक धुक्याला दोष देतात. धुकं बिचारं निर्दोष आहे, त्याचे कण फार बारीक असतात. धुक्यात रेंज गेली तर बहुतेक वेळा लाईट गेलेली असते आणि बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या असतात.

तुमच्या घरी नेमकं काय होतंय ते शोधायला एवढं करा. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये अबाउट फोन, तिथे सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ बघा. तो आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, असतो; उणे ८५ च्या आसपास असेल तर सिग्नल उत्तम. उणे ११० पेक्षाही खाली, म्हणजे उणे ११५ किंवा १२०, असेल तर दांड्या काही का दाखवेनात, तुम्ही कडेला आहात. आकडे जवळचे वाटतात, पण दर ३ डीबीला ताकद निम्मी होते. ३० डीबीचा फरक म्हणजे हजारपट. मग एकदा पहाटे पाचला, त्याच जागी बसून स्पीड मोजा आणि रात्री आठला पुन्हा मोजा. दोन्ही वेळा पाऊस नसू दे. फोन एकदा सक्तीनं ४जीवर टाकूनही बघा. कधी कधी फोन कडेच्या ५जीला उगाच धरून बसतो आणि शेजारचं धडधाकट ४जी सोडतो.

पहाटे पळतंय आणि रात्री रांगतंय, तर गर्दी आहे, तिथे नवा पट्टा किंवा नवी साईट लागल्याशिवाय सुटका नाही. घरात भिंत नडत असेल आणि बाहेर अंगणात पळत असेल तर छतावर डबा लावून मिळतं ते घरगुती ५जी कनेक्शन चौकशी करण्यासारखं आहे, त्याचा अँटेना भिंतीबाहेर असतो. पण पहाटे पाचलाही रखडत असेल, सिग्नल उणे ८५ असताना, तर गडबड बहुधा टॉवरच्या मागच्या लाईनमध्ये आहे. तेव्हा कंपनीला तक्रार करताना ‘रेंज नाही’ म्हणू नका. समोरचा रेंज तपासेल, पूर्ण दिसेल, तक्रार बंद करेल. सिग्नलचा आकडा, दोन्ही वेळचे स्पीड आणि तारखा लिहून द्या. तशी तक्रार झाली की ती फिरत फिरत आमच्या ग्रुपवर येते, आणि मग कोणाला तरी वर चढावंच लागतं.