आधी दिवस मोज

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. वॉशिंग्टनला शिकायला गेलीस आणि पहिलंच टिपण वाट्याला आलं ते आयआरएसचं, तिथल्या कर खात्याचं, २०१३ चं प्रकरण. आणि अडलीस कुठे? "काका, स्वतंत्र चौकशी मागणारे खासदार स्वतःच राजकारण करत होते, मग त्यांचं खरं कसं धरू?" करत होतेच. खासदार राजकारण नाही करणार तर काय भजन करणार? त्यावर तू दोन पानं घालवलीस, याचा मला राग आला.

मागणारा कोण ते नंतर बघ. आधी दिवस मोज.

आयआरएसच्या सिनसिनाटीच्या कार्यालयात २०१० पासून 'टी पार्टी', 'पेट्रियट्स' असे, म्हणजे सरकारविरोधी उजव्या गटांच्या नावातले, शब्द दिसले की करमाफीचे अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात जात. मे २०१३ च्या महानिरीक्षकांच्या अहवालात २९६ अर्जांचा हिशेब आहे. १०८ मंजूर, २८ संस्थांनी मागे घेतले, १६० पडून. नामंजूर एकही नाही. तू लिहितेस, "नाकारलं कुणालाच नाही, मग पक्षपात कसला?" अगं, त्या १६० अर्जांचे दिवस बघितलेस का? २०६ पासून १,१३८ पर्यंत. मधल्या काळात दोन निवडणुका येऊन गेल्या. नकार हातात पडला तर माणूस भांडायला तरी जातो. पडून असलेल्या कागदाशी कोण भांडणार?

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मीही कर खात्यातच नोकरी केली. कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, हे तुझे बाबा सांगतील. पण एका छापखानेवाल्याची परताव्याची फाईल माझ्या टेबलावर होती. रक्कम किरकोळ. तो ज्या पक्षाची पत्रकं छापायचा, तो पक्ष मला डोळ्यांसमोर नको असायचा. मी काय केलं? त्रुटी काढली. त्याने पूर्तता केली, मी दुसरी काढली. मग तिसरी. प्रत्येक त्रुटी नियमात बसणारी; आजही कुणी फाईल उघडली तर माझी सही स्वच्छ दिसेल. साहेबांनी सांगितलं नव्हतं, मंत्रालयातून फोन नव्हता. कामाचा बोजा होता, माणसं कमी होती, हेही खरंच. पण त्याच कमी माणसांत बाकीच्यांचे परतावे निघत होते. निवृत्तीनंतर जुन्या डायऱ्या काढून मोजलं, तेव्हा त्याचे ४१२ दिवस निघाले.

म्हणून ते खासदार जे शोधत होते, त्याचं मला थोडं हसू येतं. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी आयआरएसचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हातात विरोधकांच्या नावांची यादी दिली होती. त्यांनी ती वापरली नाही, तिजोरीत ठेवून दिली. तेव्हापासून सगळे तशीच यादी शोधतात, वरून आलेला हुकूम शोधतात. तिथला कायदा म्हणतो की अशी करमाफी मागणाऱ्या संस्थेने 'केवळ' लोककल्याणाचं काम करावं. १९५९ चा नियम म्हणतो 'मुख्यत्वे'. एवढी फट टेबलावरच्या माणसाला पुरते. हुकूम कशाला लागतो?

मग स्वतंत्र चौकशी मागणं चूक होतं का? मुळीच नाही. ७ मे २०१४ ला प्रतिनिधिगृहाने २५० विरुद्ध १६८ मतांनी विशेष वकील नेमण्याची मागणी केली, त्यात राष्ट्राध्यक्ष ओबामांच्याच पक्षाचे २६ डेमोक्रॅट होते. तुझ्या टिपणात हा आकडा तळटिपेत का आहे? स्वतंत्र वकिलाचा जुना कायदा १९९९ मध्येच संपला होता, त्यामुळे नेमणूक अॅटर्नी जनरलच्या मर्जीवर, आणि ते सरकारातलेच. तपासातल्या एका सरकारी वकिलाने ओबामांच्या प्रचाराला देणगी दिलेली. करमाफीचा विभाग सांभाळणाऱ्या लोईस लर्नर बाईंची हार्ड डिस्क गेलेली, बॅकअपच्या ४२२ टेप पुसल्या गेलेल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्याय खात्याने तपास मिटवला: ढिसाळ कारभार, गुन्हा नाही. असेलही तसंच. पण माझी फाईल माझ्याच साहेबांनी तपासली असती, तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. मी ओळखतो ना त्यांना.

२०१७ च्या दुसऱ्या अहवालाने तू जास्तच गोंधळलीस. 'प्रोग्रेसिव्ह', 'ऑक्युपाय' या डाव्या गटांच्या नावांचेही अर्ज अडकले होते, म्हणून "दोन्हीकडे झालं, फिटंफाट". कसली फिटंफाट? तिथेही दिवस मोज. कुणाचे किती अर्ज, कुणाचे किती दिवस, एकाच तक्त्यात मांड, म्हणजे कळेल. तू न मोजताच समतोल साधलास. समतोल दिसावा म्हणून लिहिलेलं टिपण मला फार नियमात बसणारं वाटतं, माझ्या त्रुटींसारखं.

रागावलो, मनावर घेऊ नकोस. त्या छापखानेवाल्याला मी भेटलो नाही. पत्ता होता. परतावा मिळाला होता ना शेवटी, व्याजही नियमाप्रमाणे, असं स्वतःला सांगत राहिलो. मग दुकान बंद झालं.

खासदारांच्या हेतूवरची ती दोन पानं काढून टाक. तक्ता पहिल्या पानावर आण, अर्ज आल्याची तारीख डावीकडून पहिल्या रकान्यात. रविवारपर्यंत पाठव, मी आकडे ताडून बघतो. जेवणाची आबाळ करू नकोस, काकू विचारत होती.

तुझा,
काका