भाजणी दुकानात ठेवावी की थेट विकावी?

ताई, तुमचा प्रश्न असा की थालीपिठाची आणि चकलीची भाजणी करताय, एक सुपरमार्केटवाला ठेवायला तयार आहे पण ३० टक्के मार्जिन आणि दोन महिन्यांची उधारी मागतोय, तर हो म्हणू की थेट विकू. माझं स्पष्ट मत, आत्ता हो म्हणू नका.

समजा अर्ध्या किलोचं पाकीट १२० ला, आणि धान्य, गॅस, दळण, पाऊच, लेबल धरून खर्च ७०. दुकानदाराचे ३६ गेले की हातात ८४, म्हणजे पाकिटामागे १४ सुटले. आता दहातलं एक जरी रिटर्न आलं तर दहा पाकिटांमागे १४० सुटायचे ते ५६ वर येतात, रिक्षाभाडं वेगळंच. आणि रिटर्न येतं हो, पावसाळ्यात मागच्या रांगेत पडून राहिलेली भाजणी जाळी धरते, खमंगपणा तर त्याआधीच गेलेला असतो. मी मेतकूट सुरू केलं तेव्हा १८ दुकानांत उधारीवर ठेवलं होतं, वसुलीला सात महिने हेलपाटे घातले, पण त्याहून वाईट हे की कोणी घेतलं, आवडलं का, परत का नाही घेतलं, काहीच कळलं नाही.

तुमच्याकडे दोन माल आहेत आणि दोघांचं गिऱ्हाईक वेगळ्या वेळी येतं, हे धरून चाला. थालीपिठाची भाजणी घरात महिन्या-दीड महिन्यात संपते, म्हणून सोसायट्या, भिशीचे ग्रुप, ओळखीच्या बायका यांना थेट द्या, नंबर आणि तारीख वहीत लिहा, संपायच्या सुमाराला स्वतः मेसेज करा. शंभरातल्या चाळीस जणींनी परत मागितली तर माल चांगला आहे, नाहीतर आधी चव आणि भाजणं बघा, दुकान वाढवून काही होणार नाही. चकलीची भाजणी मात्र दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांतच खपते, ती ॲडव्हान्स घेऊन ऑर्डरप्रमाणेच दळा, उरली तर वर्षभर कोणी विचारत नाही.

दुकान हवंच असेल तर ओळखीचं एकच, रोखीने, दहा पाकिटं. लिज्जतच्या सात जणींनीसुद्धा १९५९ मध्ये गिरगावात ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली तेव्हा पहिली चार पाकिटं भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्यालाच विकली होती. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा, नंबर मात्र पहिल्या पाकिटापासून लेबलवर हवा.

चकलीच्या ऑर्डरी नवरात्रातच घ्यायला लागा, दसऱ्यानंतर सगळ्याच विकायला उतरतात.