इंग्लंडमधील जुन्या घरात लाकडाचा स्टोव्ह स्वतः बसवता येतो का? प्रमाणपत्र खरोखरच लागते का?

स्वतः बसवण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र इंग्लंडमध्ये या कामाची इमारत नियमांखाली नोंद व्हावी लागते. 'हेटास'सारख्या, स्टोव्ह बसवणाऱ्यांच्या योजनेत नोंदणी असलेला कारागीर आपले काम स्वतःच प्रमाणित करू शकतो. आपण स्वतः करणार असाल, तर काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल (बांधकाम तपासणी) विभागाला कळवून, शुल्क भरून तपासणी करून घ्यावी लागते. आपल्या प्रश्नातला 'खरोखरच' हा शब्द मात्र मला बोचला, कारण सात वर्षांपूर्वी माझ्या दादाने नेमका तोच वापरला होता.

लीड्सजवळचे आमचे घर 1930 च्या दशकातले आहे. दादाने त्याच्या ओळखीचा एक माणूस पाठवला आणि त्याने एका दिवसात 7 किलोवॅटचा स्टोव्ह जुन्या विटांच्या धुराड्याला जोडून दिला. धुराड्यात लायनर, म्हणजे धूर वाहून नेणारी आतली नळी, घातला नाही, हवेसाठी झरोका ठेवला नाही, कागदही दिला नाही. मी विचारले तेव्हा दादा म्हणाला, "रत्नागिरीला आजीने जन्मभर चूल पेटवली, तिच्याकडे कोणी प्रमाणपत्र मागितले?"

त्या जानेवारीत आई आमच्याकडे राहायला आली होती. तिची खोली स्टोव्हच्या बरोबर वर, आणि धुराडे तिच्या उशामागच्या भिंतीतून गेलेले. रात्री आम्ही हवा कमी करून लाकडे धुमसत ठेवत असू. लागोपाठ दोन दिवस ती डोके धरून उठली, मळमळते म्हणाली, आणि आम्ही ते थंडीवर ढकलले. तिसऱ्या रात्री, केवळ मनाला स्वस्थता नव्हती म्हणून, मी बैठकीतला कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म वर तिच्या खोलीत नेऊन ठेवला. पहाटे तीनला तो वाजला. तपासणीनंतर आई सुखरूप घरी आली, पण रुग्णालयाकडे जाताना गाडीत ती ज्या गुंगीत होती, ती मला अजून आठवते. पुढे धुराडे साफ करणाऱ्याने धुराची चाचणी घेतली, तेव्हा विटांमधला चुना झडलेल्या सांध्यांतून धूर तिच्या खोलीत येताना आम्ही सर्वांनी पाहिला.

दादाला तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर असे आहे. आजीच्या स्वयंपाकघरावर कौले होती, धूर त्यांच्या फटींतून निघून जाई आणि परसदार दिवसभर उघडे असे. इथे दुहेरी काचांच्या बंद खिडक्या असतात, आणि स्वयंपाकघरातला पंखा चालू केला की घरातली हवा ओढली जाऊन धुराड्यातला धूर उलटा खाली येऊ शकतो. शिवाय आजी शेवटची दहा वर्षे सतत खोकत होती, हे दादा कधी सांगत नाही.

आम्ही नोंदणीकृत कारागिराकडून स्टेनलेस स्टीलचा लायनर घालून घेतला आणि झरोका पाडला. आमच्यासारख्या जुन्या, फटी असलेल्या घरात 5 किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक किलोवॅटमागे 550 चौरस मिलिमीटर कायम उघडा झरोका लागतो, म्हणजे आम्हांला 1100. अलार्म स्टोव्हच्या खोलीत, स्टोव्हपासून आडवे 1 ते 3 मीटर अंतरावर बसवणे बंधनकारक आहे; धुराडे ज्या शयनगृहातून जाते तिथे मी दुसराही लावला आहे, आणि आपणही लावावा असे माझे स्पष्ट मत आहे. घर विकताना वकील प्रमाणपत्र मागतात हे खरे, पण माझ्या लेखी ते दुय्यम कारण आहे.

हे सारे इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. नव्या, हवाबंद घरांना झरोक्याचे गणित निराळे लागते. आपला भाग धूरनियंत्रण क्षेत्रात, म्हणजे धुराड्यांच्या धुरावर निर्बंध असलेल्या भागात, येत असेल, तर त्यासाठी मान्यता असलेलाच स्टोव्ह घ्यावा. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांहून अधिक नसावा, नाहीतर लायनरमध्येही डांबर साचते.

दादाच्या घरातला स्टोव्ह त्याच माणसाने बसवलेला आहे. येत्या सप्टेंबरात, थंडीच्या आधी, तिथे धुराची चाचणी करून घेण्यासाठी मी वेळ ठरवून ठेवली आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही.