‘आराम से कर लो’ महागात पडलं

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): जुलैच्या सुरुवातीला बाथरूमचं काम काढलं. ठेकेदाराने अंदाजपत्रकावर ‘काम लगभग १५ दिन’ लिहून दिलं. १ लाख ८५ हजारांपैकी १ लाख ३० हजार देऊन झाले. अडीच महिने उलटले, फक्त भिंतीच्या टाइल्स लागल्या आहेत. ८१ वर्षांच्या सासूबाईंना आंघोळीला शेजारी न्यावं लागतं. त्याला काढून टाकून पैसे परत घेता येतील का?

उत्तर: काकू, अशी पत्रं दर पावसाळ्यात येतात. करार नीट हवा होता, एवढी रक्कम आधी द्यायला नको होती, हे तुम्हालाही आता कळलं आहे. मी ते उगाळत नाही. पण तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांत ऑगस्टमधला तुमचाच एक आहे: ‘कोई बात नहीं भैया, आराम से कर लो.’ हे वाचून मी कपाळाला हात लावला.

घोडं इथेच अडलं आहे. ‘लगभग १५ दिन’ यातल्या ‘लगभग’ने मुदत आधीच सैल केली होती, उरलीसुरली तुम्ही सोडून दिलीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे वेळ हा कराराचा गाभा असेल तरच उशीर झाला म्हणून करार मोडता येतो. बांधकामाच्या करारांत तो सहसा तसा नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हिंद कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे आज त्याला हाकललंत तर करार तुम्हीच मोडला, असं तो म्हणेल, आणि ते खोडून काढणं सोपं नाही.

सुटलेली मुदत पुन्हा बांधता येते. लेखी नोटीस द्या: अमुक तारखेपर्यंत काम पुरं करा, यापुढे ही तारीख कराराचा गाभा समजली जाईल, नाही झालं तर करार रद्द. नोटीस हिंदीत लिहा, नाहीतर ‘मराठी समझा नहीं’ हे कारण तयारच असेल. स्पीड पोस्टाने पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका.

ही तारीख वाजवी हवी. रागाच्या भरात ‘चार दिवसांत’ लिहिलंत तर नोटीस फुकट. एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बोलवा आणि उरलेलं काम दिवसांत मोजा. वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि वाळणं यात तीन दिवस धरा. मग फरशी पाण्याने भरून ४८ तास ठेवायची. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा तोही हिशेब धरा. ही चाचणी गाळून वेळ वाचवू देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी खालच्या मजल्याचं पत्र मला येईल. मग उतार धरून खालच्या टाइल्स, दुसऱ्या दिवशी सांधे भरणं, शेवटी कमोड, नळ, गीझर, दार. साधारण बारा ते चौदा दिवस होतात. तुम्ही एकवीस द्या. मुळात तोडफोडीपासून सगळं बाथरूम पंधरा दिवसांत होतं, यावर तुम्ही विश्वास कसा ठेवलात?

मधेच टाइल्सचा रंग बदललात आणि नवा माल यायला दहा दिवस लागले, असंही लिहिलंय. ते दिवस बहुधा तुमच्याच खात्यात धरले जातील.

तारीख उलटली तर लगेच फोटो काढा, दुसऱ्या ठेकेदाराकडून उरलेल्या कामाचा लेखी दर घ्या, मगच हात लावू द्या. जादा खर्च तुम्ही मागू शकता. किती मिळेल ते पुराव्यावर. आणि तारखेनंतर तोच येऊन काम पुरं करू लागला, तुम्हीही ते चालवून घेतलंत, तर त्याच वेळी ‘उशिराची भरपाई मागणार आहे’ असं लेखी कळवा. गप्प राहून काम स्वीकारल्यावर ती मागता येत नाही. हेही कलम ५५ मध्येच आहे.

तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत. आयोगाच्या बाकांवर बसून मी हे वाक्य बऱ्याचदा आठवलं आहे. म्हणून सांगतो, नोटिशीनेच काम झालं तर ते पदरात पाडून घ्या. दसऱ्यानंतर कारागीर गावी गेले तर दिवाळी उरकूनच उगवतील, तेव्हा नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या. उरलेले ५५ हजार टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता नळाला पाणी आल्यावर.

त्याचं कटर मशीन तुमच्या गच्चीत कुलूपबंद ठेवलंय म्हणता. ते आजच परत करा, यादीवर सही घेऊन. उगाच त्याच्या हातात तक्रारीला एक कारण देऊ नका.