अक्कलदाढ असह्य दुखतेय आणि डेंटिस्टचा खर्च झेपत नाही. इंदूरमध्ये काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की खालची अक्कलदाढ अर्धीच वर आलीय, हिरडी सुजलीय आणि खाजगी दवाखान्यात काढायचे जे पैसे सांगितले ते खोलीच्या भाड्याहून जास्त आहेत. मी फार्मासिस्ट आहे, रामबागेकडे आमचं मेडिकल आहे. "भैया, दाढेवर काहीतरी स्ट्राँग द्या" हे काउंटरवर रोजचंच. स्ट्राँग गोळी नंतर बघू, आधी सफाई.

अशा वेळी बहुतेकदा दुखत असते ती दाढेवरची हिरडी. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची झालर राहते, तिच्याखाली अन्न अडकून कुजतं आणि संसर्ग होतो. आपल्याकडे तर पोह्यांवर सेव, वरणावर सेव, आणि नुसती सेवही. तिचा चुरा नेमका तिथेच जाऊन बसतो. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या करा, जेवल्यावर तर हमखास. त्याने झालरीखालचं निघत नाही असं वाटलं तर मेडिकलमधून पाच एमएलची सिरिंज आणा, सुई न लावता तिचं टोक झालरीच्या कडेशी धरा आणि तेच पाणी हळूच सोडा. झोंबेल, घाण वासही येईल, पण आतला कचरा निघतो. ब्रश मागे पोहोचत नसेल तर तोंड मोठं उघडू नका, अर्धं मिटा. गाल सैल पडतो आणि ब्रश आत सरकतो.

आता गोळी. आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम, पोटात काही असताना, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. सोबत पॅरासिटामॉल 500. ही जोडी दाढेच्या दुखण्यावर एकेकट्या गोळीपेक्षा चांगली चालते. दोन्ही एकत्र असलेली गोळी मिळाली तर वरून वेगळी पॅरासिटामॉल घेऊ नका. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर आयब्युप्रोफेन नको, फक्त पॅरासिटामॉल. रात्री ठणका वाढतो, तेव्हा दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा आणि गालावर बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून धरा. शेकू नका.

लवंगेचं तेल बधिरपणा आणतं, पण कापसावर एखादा थेंबच. जास्त लावलं की हिरडी भाजते. डिस्प्रिन कुटून दाढेवर ठेवणारे आणि तंबाखू दाबून बसणारे दोघेही मी पाहिलेत. दोन्हींनी हिरडीची वाट लागते. आणि दोन-चार अँटिबायोटिकच्या कॅप्सूल सुट्या मागू नका. कचरा आत तसाच राहिला तर त्या काही दिवस दुखणं दाबतात, बस्स. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर त्या लागतात, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावर.

तोंड दोन बोटंही उघडेना, जबड्याखाली किंवा मानेला सूज आली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर पैशांचा विचार न करता थेट एमवायच्या, म्हणजे महाराजा यशवंतराव या सरकारी रुग्णालयाच्या, इमर्जन्सीत जा. रात्र असली तरी.

एवढं नसेल तर एमवायजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. 1961 पासूनचं आहे आणि खाजगीच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. सकाळी लवकर जाऊन ओपीडीची पर्ची काढा. तिथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ लागतो आणि एका फेरीत काम होईलच असं नाही. कामावरून किंवा कॉलेजातून सुट्टी काढायची तयारी ठेवा.

दाढ काढायलाच हवी का, हेही तिथे विचारा. पहिल्यांदाच आणि थोडंसं दुखलं असेल तर नीट धुऊन बरेचदा भागतं. पुन्हा पुन्हा सुजत असेल किंवा दाढ किडली असेल तर काढलेली बरी. सरळ आलेली दाढ पटकन निघते. आडवी रुतलेली असेल तर हिरडी कापून, कधी हाड कोरून काढावी लागते आणि टाके पडतात. खाजगीत सांगितलेला मोठा आकडा बहुधा याचाच असेल. खाजगीत ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला असेल तर तो मागून घ्या आणि पर्चीसोबत न्या, म्हणजे पुन्हा काढायचे पैसे वाचू शकतात.